मराठी इंद्रजालच्या मागावर : जाफर गेट ते नांदेड

शनिवार, छत्रपती संभाजीनगर

तपोवन एक्स्प्रेस दुपारी स्टेशनात शिरली. न्यायला भाचा आला होता. त्याने माझी बॅग उचलली, हातात तोलून पाहिली.

"आत्या, ही तर रिकामीच दिसायली!"

"रिकामीच आहे. जाताना भरून न्यायचीय."

"कशानं?"

"वेताळानं."

भाचा वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याचे सगळे महापुरुष अमेरिकेतून आणि तेही थेट पडद्यावरून आलेले. कागदावरचा एकही नाही. त्याची साठलेली रजा आणि माझ्या भावाची गाडी, दोन्हींवर मी आधीच हक्क सांगून ठेवला होता, त्यामुळे त्याची सुटका नव्हती.

मी शोधते ते इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक. 'टाइम्स ऑफ इंडिया'ने ही मालिका मार्च 1964 मध्ये इंग्रजीतून सुरू केली आणि 1990 मध्ये गुंडाळली. इंग्रजीत एकूण 803 अंक निघाले. पहिले 32 अंक नुसत्या वेताळाचे, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचे. पुढे जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर, गार्थ अशी मंडळी आलटून पालटून येऊ लागली आणि 1976 मध्ये आपला भगव्या कुर्त्यातला बहादूर आला. इंग्रजी अंक मुंबईच्या फुटपाथवर आणि ऑनलाइन लिलावात अजून मिळतात. खिसा फाटतो, पण मिळतात. हिंदीही मिळतात. मराठी विचारलं की समोरचा मान हलवतो. लाखो घरांत मराठी वाचलं जात होतं, अंक वर्षानुवर्षं निघत होते, मग ते गेले कुठे? मुंबई-पुण्यात ते नसतील तर जिल्ह्याच्या गावांत असतील, असा माझा हिशेब. आणि मी मूळची परभणीची, म्हणजे हिशेब थोडा आपल्या बाजूने झुकलेला.

संध्याकाळी औरंगपुरा आणि पैठण गेट पायी पालथं घातलं. जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, पण आत शिरलं की भिंतभर स्पर्धा परीक्षा. एका दुकानदाराने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून विचारलं, "मुलासाठी पाहिजे का? तलाठी की पोलीस भरती?" दुसऱ्याने मात्र इंद्रजाल म्हणताच चष्मा कपाळावर चढवला. "आमच्याकडं होते बघा. गठ्ठेच्या गठ्ठे. उद्या रविवार आहे, जाफर गेटला जा. उजाडताच जा, नऊनंतर नुसते नट-बोल्ट उरतात."

गुलमंडीवर गरम इमरती खाल्ली आणि लवकर झोपलो.

रविवार, जाफर गेट

रविवारचा जाफर गेटचा बाजार ज्याने पाहिला नाही त्याला सांगून पटायचं नाही. शेळ्या, कोंबड्या, जुन्या सायकली, पंख्यांची पाती, एका पायाची बाहुली, कुणाच्या तरी लग्नातला पितळी तांब्या, मोबाइलचे चार्जर, गंजलेले पाने, सगळं रस्त्याच्या कडेला फाऱ्या अंथरून मांडलेलं. इथे दुकानदार आधी तुमचा चेहरा बघतो, मग भाव ठरवतो. म्हणून मी कॉमिक्स शोधताना कधीही कॉमिक्स मागत नाही. पाककृतीची पुस्तकं मागते. ती उलथताना खालचं आपोआप दिसतं.

तासभर काहीच नाही. मग एका फारीवर, मिक्सरच्या भांड्यांच्या मागे, सुतळीने बांधलेला गठ्ठा. वरचं पुस्तक दहावीचं भूमिती. त्याखाली हिंदी कॉमिक्स. भाच्याने हात घातला आणि त्याच्या तोंडून "अरे!" निघालं. नागराज होता.

मराठवाड्यातल्या माझ्यानंतरच्या पिढीचं बालपण हिंदी कॉमिक्सवर गेलं, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना माहीत नसतं. इंद्रजालची शेवटची वर्षं आणि राज कॉमिक्सची पहिली वर्षं एकमेकांवर चढतात. नागराज 1986 मध्ये आला, सुपर कमांडो ध्रुव 1987 मध्ये. आमच्याकडे घराबाहेर पडलं की हिंदी-दखनी कानावर असतेच, त्यामुळे पोरांना भाषेची अडचण नव्हती. पोरं शाळेत मराठी निबंध लिहायची आणि मधल्या सुट्टीत नागराज वाचायची. मी भाच्याला सांगितलं, की हा हिरवा नागराज पहिल्यांदा कागदावर काढला तो प्रताप मुळीक या आपल्या मराठी चित्रकाराने. अमर चित्र कथेतली कितीतरी पुस्तकंही त्यांच्याच हातची. पुराणातले देव आणि विषारी श्वास सोडणारा नागराज, दोघांच्या दंडाचे स्नायू सारखे का दिसतात, ते त्यातून कळतं. ध्रुव अनुपम सिन्हांचा. त्याच्याकडे कसलीच दैवी शक्ती नाही. सर्कशीत वाढलेला पोरगा, डोकं चालवतो, मोटारसायकल पळवतो. भाचा उकिडवा बसून वाचायलाच लागला, मला दोनदा त्याच्या पाठीवर थाप मारावी लागली.

गठ्ठ्याच्या तळाशी मराठी मँड्रेक निघाला. मुखपृष्ठ नाही, शेवटचं पानही नाही. मँड्रेकचा दोस्त लोथार दार फोडून आत येतो तिथेच गोष्ट थांबते. अमेरिकेत बिनमुखपृष्ठाची कॉमिक्स सापडतात त्याचं कारण वेगळं आहे : न खपलेल्या अंकाचं फक्त मुखपृष्ठ किंवा त्याची वरची पट्टी फाडून परत पाठवली की विक्रेत्याला पैसे माघारी मिळत. आपल्याकडे मुखपृष्ठ जातं ते वाचून वाचून.

"सगळ्याचे मिळून दोनशे द्या," फारीवाला म्हणाला.

"अर्धी पुस्तकं फाटकी आहेत, भाऊ."

"म्हणून तर दोनशे. चांगली असती तर मी वाचत बसलो नसतो का?"

या युक्तिवादावर घासाघीस करणं मला जमलं नाही. दीडशे म्हणायचं म्हणून म्हणाले, दोनशे दिले.

दुपारी नान-खलिया, आणि मग हॉटेलच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून साफसफाई. गंजलेले टाके आधी नखाने उघडून काढायचे. ओढले तर पान फाटतं. मऊ ब्रशने धूळ. ओलं फडकं अजिबात नाही. जुना सेलोटेप दिसला तर तसाच सोडायचा, सोलायला गेलं की शाई त्याच्याबरोबर येते. भाच्याने विचारलं, हे शिकलीस कुठे? अंक खराब करून करूनच सगळे शिकतात, दुसरी शाळा नाही.

सोमवार, जालना आणि परभणी

जालन्यात बियाणं मिळतं, लोखंड मिळतं. कॉमिक्स मिळालं नाही.

मंठा-जिंतूरवरून परभणीला आलो. कापसाची वेचणी चालू होती, तुरी शेंगांवर आल्या होत्या. वाटेत टपरीवर सुशीला खाल्ला. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा हा प्रकार मुंबईत कुणाला समजावून सांगायचा कंटाळा येतो, इथे फक्त "दोन प्लेट" म्हटलं की झालं.

जगात जर्मनी, भारतात परभणी. ही म्हण आम्ही परभणीकर छाती काढून म्हणतो आणि पुढे काही विचारलं तर विषय बदलतो. पण एका बाबतीत माझी परभणी खरोखर थोर होती : भाड्याच्या पुस्तकांच्या दुकानांत. नानलपेठेच्या बाजूला एका बोळात असलंच एक दुकान होतं. बाहेर लाकडी बाक, आत दोरीवर चिमटे लावून टांगलेले अंक. तिथेच बसून वाचायचं तर पाच पैसे, घरी न्यायचं तर दहा, आणि वर अनामत रक्कम. अंक दुसऱ्या दिवशी परत न दिल्यास दुकानवाले काका घरी येत नसत, शाळेच्या फाटकावर उभे राहत. ते जास्त परिणामकारक होतं.

स्टेशनवरचा स्टॉल हे दुसरं तीर्थक्षेत्र. तेव्हा मनमाडकडून येणारी लाइन मीटरगेज होती, गाड्या छोट्या, वेळापत्रक ऐच्छिक. नवा अंक आला की नाही हे बघायला मोठा भाऊ सायकलवर जायचा आणि मी मागच्या कॅरिअरवर. विकत घेणं परवडायचं नाही. मुखपृष्ठ बघून यायचं, आणि मग तो अंक बोळातल्या दुकानात कधी टांगला जातो याची वाट बघायची.

काका आज ऐंशीच्या पुढे आहेत. दुकानात आता त्यांचा नातू मोबाइल दुरुस्त करतो. मी नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली, तेव्हा कुठे त्यांनी ओळखलं.

"तू भावाच्या नावावर न्यायचीस. मला माहीत होतं."

खरं आहे. पोरींनी त्या बाकावर बसून वाचायची रीत नव्हती. माझं सगळं वाचन भावाच्या खात्यावर जमा आहे.

"पुस्तकं आहेत का हो काका?"

"एक नाही, पोरी. नव्वद-ब्याण्णवला किलोवर घातली. व्हिडिओ आला, मग केबल आली. बाकावर कोण बसतंय? पण वही ठेवलीय."

नातवाने माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरवली. आत लाल कापडी पाठीच्या खतावण्या. तारीख, अंकाचं नाव, गिऱ्हाइकाचं नाव, नेला, आणला, पैसे. मी तिथेच खाली बसले आणि उठायचं नाव घेईना. चहा दोनदा झाला. भाचा आधी कंटाळला आणि मग मोजायला लागला, कारण इंजिनिअरला रकाने दिसले की राहवत नाही.

त्या वहीतून जे कळलं ते मला कुठल्या संग्राहकाने सांगितलं नव्हतं. एकेक अंक पाठोपाठ किती हातांतून जात होता! एकाच वेताळापुढे पानभर नावं. आठवी ब, सातवी अ, एक कंपाउंडर, एक पोस्टमन, एक 'मास्तरांची सौ.' आणि सगळ्यात लांब रांग वेताळाची नव्हती, मँड्रेकची नव्हती. बहादूरची होती.

मला आश्चर्य वाटायला नको होतं. आबिद सुरतींनी बहादूर लिहिला, गोविंद ब्राह्मणियांनी चितारला. इंद्रजालची रंगवलेली कितीतरी मुखपृष्ठंही ब्राह्मणियांचीच. बहादूर हा डाकू भैरवसिंहाचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेलेला, आणि ज्या अधिकाऱ्याने गोळी घातली त्यानेच पोराला वाढवलेलं. मोठा होऊन तो जयगढमध्ये नागरिक सुरक्षा दल उभं करतो. अंगात कुर्ता, खाली जीन्स, सोबत मैत्रीण बेला. त्याच्या गोष्टीत धुळीचे रस्ते, सरपंच, सावकार, बैलगाड्या. परभणीच्या पोराला हे सगळं खिडकीतून दिसत होतं. वेताळाच्या कवटीच्या गुहेचं स्वप्न बघायचं, पण जीपमागून धावायचं खेळायचं ते बहादूर होऊन.

वेताळ मात्र माझा होता. अजूनही आहे. ली फॉक यांनी त्याला 1936 मध्ये जन्माला घातलं, म्हणजे सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी. अंगाला चिकटलेला पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा ही पुढच्या सगळ्या सुपरहिरोंची वर्दी त्याच्यापासून सुरू झाली. उडता येत नाही, गोळी लागली तर रक्त येतं. शक्ती म्हणाल तर एकच, की लोकांना वाटतं तो मरत नाही. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. 1536 पासून ही पाळी चालू आहे आणि आपला वेताळ एकविसावा. भारतातल्या आवृत्तीसाठी त्याचा देश बदलून डेंकाली केला होता आणि समुद्री चाच्यांचं 'सिंग' हे नाव 'सिंगा' केलं होतं, कुणाच्या भावना दुखायला नकोत म्हणून. वर्तमानपत्रातल्या पट्ट्या कापून, पुन्हा जुळवून पानं केलेली असत. काही ठिकाणी उडी जाणवायची. आम्हाला वाटायचं वेताळ वेगवान आहे.

काकांनी अंक टिकवायचा सगळा कारखाना सांगितला. नवा अंक आला की आधी दोन्ही बाजूंनी खाकी पुठ्ठा, मग दाभणाने तीन भोकं, मेणाचा दोरा, वर दुकानाचा शिक्का. मुखपृष्ठ गेलं की पुठ्ठ्यावर स्केचपेनने नाव. पानं सुटली की पुन्हा दाभण. शिवून शिवून मधली ओळ टाक्यात गेली की मग रद्दी.

अमेरिकेत 1938 च्या ज्या अंकात सुपरमॅन पहिल्यांदा आला त्याची किंमत तेव्हा 10 सेंट होती. 2024 मध्ये त्याची एक प्रत 60 लाख डॉलरला गेली. तिकडे दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करायच्या मोहिमा निघाल्या, पोरांनी कॉमिक्सचे ढीग देऊन टाकले, आणि ज्या मूठभर प्रती उरल्या त्यांना आज सोन्याचा भाव आहे. त्यातही न हाताळलेल्या, कोपरा न दुमडलेल्या प्रतीला जास्त. तिकडे प्रतीला दहापैकी गुण देतात आणि प्लास्टिकच्या डबीत कायमची बंद करतात. काकांच्या हातचा अंक त्या परीक्षकापुढे ठेवला तर तो शून्य देईल. मला तसलाच हवा आहे, दाभणाची भोकं असलेला, आठवी बच्या शाईच्या बोटांचा. शनिवारपासून विचारत होते की मराठी अंक गेले कुठे, त्याचं उत्तर त्या खतावणीत होतं : ते वापरून संपले. इंग्रजी अंक कपाटात गेला, मराठी अंक बाकावर.

खतावणी विकत मागायचं धाडस झालं नाही. काकांनी फोटो काढू दिले.

मंगळवार, अंबाजोगाई

गंगाखेड, परळी करत अंबाजोगाई. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागे रांगत गेलो. भाच्याने ओव्हरटेक करायचं सोडून दिलं आणि ध्रुवच्या गोष्टी सांगायला लागला.

इथे एका निवृत्त गुरुजींकडे जायचं होतं. त्यांच्याकडे बांधीव खंड आहेत अशी बातमी एका नातेवाइकाकडून लागली होती. जुना वाडा, ओसरीवर झोपाळा. आधी धपाटे आणि दही, मग शेंगदाण्याची चटणी, मग पुस्तकं, असा क्रम त्यांनी स्वतःच जाहीर केला.

खंड खरंच होते. वर्षाचे अंक एकत्र शिवून, कडा यंत्रावर कापून, वर संगमरवरी नक्षीचा कागद. आत मराठी इंद्रजाल, सलग. माझ्या वहीतल्या न मिळालेल्या कितीतरी अंकांवर मी पेन्सिलीने खूण करत गेले. पण मुखपृष्ठ एकाचंही नाही.

"गुरुजी, मुखपृष्ठं?"

"वर्गात लावली की! भिंतीला पोपडे आले होते. पोरं शाळेत येऊ लागली त्या चित्रांसाठी."

संग्राहकाचा जीव कळवळतो असलं ऐकून. पण बोलणार काय? बाइंडरने कडा कापल्या म्हणून काही ठिकाणी फुग्यातली शेवटची अक्षरं गेली आहेत, आणि त्याच बाइंडिंगमुळे हे खंड आज माझ्यासमोर आहेत. सुटे असते तर केव्हाच संपले असते.

कागदाची अवस्था बघण्यासारखी होती. बुरशी अजिबात नाही. कोकणातल्या संग्राहकांना बुरशीने रडवलंय, ते दुःख आपल्याकडे नाही. पण आपलं ऊन दुसऱ्या बाजूने मारतं. न्यूजप्रिंटमध्ये लाकडाचं लिग्निन तसंच राहिलेलं असतं. हवा-उजेड लागला की ते पिवळं पडतं, कागदात आम्ल तयार होतं, आणि उष्णता ते काम भराभर उरकते. पान रंगाने चहासारखं होतं आणि दुमडलं की मोडतं. गुरुजींनी पेटीत कडुनिंबाचा पाला आणि वेखंड घातलं होतं. त्याने कसर लांब राहते, आम्ल थांबत नाही. मी आम्लरहित कागदाचे तुकडे सोबत नेले होते, ते दर खंडाच्या सुरुवातीला घालून दिले आणि पेटी पत्र्याच्या छताखालून काढून आतल्या अंधाऱ्या खोलीत न्यायला सांगितली.

"इथं आमच्या गावात दासोपंतांची पासोडी आहे," गुरुजी म्हणाले. "कापडावर लिहिलेली. चारशे वर्षं झाली, अक्षर वाचता येतंय. आन् तुमचा वेताळ पन्नास वर्षांत विटला."

"वेताळ नाही विटला, गुरुजी. कागद विटला."

ते हसले. विकायचा विषय मी काढलाच. "नातवंडं येतात दिवाळीला," एवढंच म्हणाले आणि पेटीला कुलूप घातलं. योगेश्वरीचं दर्शन घेऊन निघालो.

बुधवार, लातूर

गंजगोलाईला गाडी लावणं हाच एक पराक्रम. मधे देवीचं मंदिर, भोवती गोल बाजार, आणि चारी दिशांना फुटलेले सोळा रस्ते. कुठल्या रस्त्याने शिरलो आणि कुठल्याने निघालो हे भाच्यालाही नीट कळलं नाही.

लातूरची जुनी पुस्तकं म्हणजे शिकवण्यांची पुस्तकं. दरवर्षी हजारो मुलं बाहेरगावाहून येतात, परीक्षा झाली की नोट्स रद्दीत. गोदामात 'नीट' परीक्षेच्या गाइडांच्या भिंती उभ्या. मालकाने तोंडावर सांगितलं, "ताई, कॉमिक्स ठेवायला जागा कुठाय? एका जीवशास्त्राच्या पुस्तकाला चार गिऱ्हाइकं हायत."

जुना माल विचारला. म्हणाला, औसा-किल्लारीकडच्या गावांतून पूर्वी बरीच रद्दी यायची, जुन्या घरांची. "त्र्याण्णवच्या भूकंपानंतर तिकडून काय यायचंच बंद झालं." 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट. पुढे कोणी काही बोललं नाही.

गोदामातल्या एका पोऱ्याने मात्र, आम्ही निघताना, कोपऱ्यातलं पोतं ओढून आणलं. आत चांदोबाचे अंक, दिवाळी अंक, आणि मधे बहादूरचे दोन मराठी अंक, दोन्हींना खाकी पुठ्ठा, दाभणाची भोकं. शिक्का उदगीरच्या कुठल्याशा दुकानाचा. मुखपृष्ठ एकाला आहे. मालकाने वजन केलं आणि चिल्लर मागितली. इतक्या कमी पैशांत मी आजवर काहीही घेतलं नव्हतं. पोऱ्याला वेगळे दिले, मालकापेक्षा जास्त.

रात्री बऱ्याच दिवसांनी निलंगा भात खाल्ला. तिखट.

गुरुवार, नांदेड

शेवटचा मुक्काम एका संग्राहकांकडे. रेल्वेत गार्ड होते, मीटरगेजच्या काळापासून. पूर्णा, अकोला, आदिलाबाद, जिथे ड्यूटी तिथला स्टॉल. त्यामुळे त्यांचे अंक बाकावर गेलेच नाहीत, गार्डच्या डब्यातल्या लोखंडी पेटीतून थेट घरी. मराठी, इंग्रजी, हिंदी, तिन्ही. कपाट उघडलं आणि मी गप्प झाले. मुखपृष्ठांसकट, उभे ठेवलेले, प्रत्येकाला पारदर्शक पाकीट आणि मागे पुठ्ठा. इंग्रजी मालिकेत 443 अंकांनंतर सलग क्रमांक बंद होऊन खंड 20, अंक 1 अशी मोजदाद सुरू झाली. तिथे सगळ्या संग्राहकांचा गोंधळ होतो. यांनी दोन्ही आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, रेल्वेच्या वळणदार अक्षरात.

पैसे ते घेत नाहीत. फक्त अदलाबदल.

"तुमच्याकडं गार्थ आहे का, मराठीतला?"

"दोन दुबार आहेत. ठाण्याला."

"कडा कापलेल्या?"

"नाही. पण एकाला शाईचा डाग आहे."

ते जरा वेळ छताकडे बघत राहिले. गार्थला माणूस मिळणं अवघड असतं, तो फारसा कुणाचा लाडका नव्हता, म्हणून त्याचे अंक लवकर फेकले गेले आणि आता तेच सापडत नाहीत. माझी मागणी पहिल्या वर्षातल्या बहादूरची होती. दोन गार्थला एक बहादूर, असं त्यांनी सुचवलं. मी लातूरचा बिनमुखपृष्ठाचा बहादूर पुढे केला. त्यांना तो नको होता, पण पुठ्ठ्यावरचा उदगीरचा शिक्का त्यांनी भिंग लावून पाहिला. त्या दुकानाबाहेर उभं राहून लहानपणी त्यांनी अंक वाचला होता, पैसे नव्हते म्हणून अर्धाच. मग व्यवहार वेगळा झाला : तो शिक्क्याचा अंक आणि एक गार्थ यांच्या बदल्यात बहादूर.

भाच्याने मधेच विचारलं, "काका, ध्रुव आहे का?"

"आहे. तुझ्याकडं काय आहे?"

जाफर गेटचा नागराज त्याने पिशवीतून काढला. माझ्या पैशांनी घेतलेला! पण व्यवहारात मी पडले नाही.

बहादूर त्यांनी तिथेच माझ्या हातात ठेवला, विश्वासावर. गार्थ मी घरी पोचल्यावर पाठवायचा. पाठवायचा कसा, ते त्यांनी एका कागदावर लिहून दिलं : आधी पाकीट, दोन्ही बाजूंनी अंकापेक्षा बोटभर मोठा पुठ्ठा, सेलोटेप अंकाला लागता कामा नये, वर मेणकापड, आणि स्पीड पोस्ट, कारण रजिस्टर पोस्ट आता त्यातच विलीन झालंय. सोमवारी टाकायचं, म्हणजे रविवारचा दिवस पार्सल कुठे पडून राहत नाही. खाली सही आणि तारीख. शाईचा डाग असलेला नको, दुसरा पाठवा, असं शेवटी अधोरेखित.